ई-टाइपचा मागचा पिंजरा: जॅग्वार ४.२ च्या प्रकल्प नोंदी

गाडी: जॅग्वार ई-टाइप, सिरीज १, ४.२ लिटर, बंद छताची कूपे, १९६६ ची, उजव्या हाताचं स्टिअरिंग, मागचा रेशो ३.०७.
काम: मागचं सस्पेन्शन, म्हणजे डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणारी दात्यांची पेटी) आणि ब्रेक ज्यात बसतात तो पत्र्याचा 'पिंजरा', पूर्ण उतरवून नव्याने बांधणं.

७ जानेवारी २०२३

तक्रारी तीन. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. क्लच सोडताना मागून 'ठक्' असा आवाज येतो. रात्रभर उभी राहिली की डिफरन्शियलखाली तेलाचा रुपयाएवढा डाग पडतो.

पहिली आणि तिसरी तक्रार एकच आहे. या गाडीच्या मागच्या ब्रेक डिस्क चाकाजवळ नाहीत, डिफरन्शियलच्या दोन्ही कानांना लागून आत बसवल्या आहेत. उजवीकडच्या आउटपुट शाफ्टचं सील गळतंय आणि तेल थेट डिस्कवर जातंय. उजवं मागचं चाक कमी थांबतं, म्हणून गाडी डावीकडे जाते. टॉर्च लावून बघितलं तर उजवी डिस्क तेलाने चकचकीत आणि डावी कोरडी, गंजकट.

'ठक्'चा शोध घ्यायला ब्रेक आत असण्याचा एक फायदा होतो. मागचं चाक उचला, एकाने ब्रेक दाबून धरा आणि दुसऱ्याने चाक हाताने मागेपुढे फिरवून बघा. ब्रेकमुळे हाफ शाफ्टचं (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) आतलं टोक घट्ट धरलेलं असतं, म्हणजे जो प्ले (ढिलेपणा) हाताला लागेल तो क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकांचे सांधे), हबच्या (ज्यावर चाक बसतं तो भाग) दात्यांत किंवा तारेच्या चाकाच्या दात्यांत. डिफरन्शियलचा त्यात काही भाग नाही. इथे दोन्हीकडे प्ले जवळजवळ शून्य. मग पहारीने पिंजरा हलवून बघितला: मागचं डावं रबर माउंटिंग धातूपासून सुटलेलं. आवाज तिथला.

सील बदलायचं तर पिंजरा उतरवावाच लागतो. गाडीखाली झोपून वरच्या वर सील बदलण्याचे प्रकार लोक करतात, पण मग बाकीच्या बेअरिंगा तशाच राहतात आणि दोन वर्षांनी पुन्हा सगळं खाली घ्यावं लागतं. म्हणून सगळंच काढायचं ठरवलं.

१४ जानेवारी

आज फक्त तयारी. गंज सोडवणारं तेल पुढच्या सगळ्या बोल्टांवर, दिवसातून दोनदा. विशेषतः रेडियस आर्मचे (मागच्या सस्पेन्शनला पुढे बॉडीशी जोडणारे दांडे) पुढचे बोल्ट, हॅन्डब्रेकची पिन आणि ब्रेकच्या लवचीक पाइपाचा जोड.

पान्यांबद्दल: या गाडीवर सगळं इंचात आहे, यूएनएफ (बारीक इंची आट्यांचं मानक) आटे. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ मिमीचा पाना लागल्यासारखा वाटतो, पण १२.७ आणि १३ मधला तो ०.३ मिमीचा फरक गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकतो. मेट्रिक पेटी बंद करून बाजूला ठेवली.

चाकांच्या मधल्या कानवाल्या नटांचे आटे बाजूनुसार उलटसुलट असतात: डाव्या बाजूला उजवे आटे, उजव्या बाजूला डावे. चालताना नट आपोआप घट्ट होत राहावं म्हणून. तांब्याचाच हातोडा वापरायचा. हब काढल्यावर डावं-उजवं अदलाबदल झालं तर चाक रस्त्यात सुटेल, म्हणून दोन्ही हबांना आजच रंगाच्या खुणा केल्या.

१५ जानेवारी

क्रम असा ठेवला:

गाडी रेडियस आर्मच्या जोडांच्या पुढे, बॉडीखाली लाकूड घालून स्टँडवर. एक्झॉस्टचे मागचे पाइप काढले. चाकं काढली. अँटिरोल बारच्या लिंका सोडल्या. ब्रेकचा लवचीक पाइप बॉडीकडून सोडून तोंड बंद केलं. हॅन्डब्रेकची केबल पिन काढून मोकळी केली. प्रॉपेलर शाफ्टचे चार बोल्ट, आधी फ्लँजवर खूण करून. मग पिंजऱ्याखालच्या पट्टीला जाड प्लायवूड लावून ट्रॉली जॅकचा आधार, आणि शेवटी चारही रबर माउंटिंग.

अडलं ते अपेक्षित ठिकाणीच. रेडियस आर्मच्या पुढच्या बुशची आतली स्टीलची नळी बॉडीवरच्या शंकूच्या खुंटाला गंजून चिकटलेली. बोल्ट निघाला तरी आर्म हलेना. इथे फ्लोअरला पहार टेकवून जोर लावायचा मोह होतो. तसं केलं की पातळ पत्रा फाटतो आणि सस्पेन्शनच्या कामाचं पत्र्याचं काम होऊन बसतं. दोन पायांचा पुलर लावून ताण दिला, नळीवर हीट गनने पाच मिनिटं उष्णता दिली, आणि पुलरच्या डोक्यावर एक टोला. डावीकडचा पहिल्यांदा सुटला, उजवीकडचा तिसऱ्या खेपेला. फ्लोअर शाबूत.

जॅक खाली घेताना पिंजरा पुढे झुकतो, कारण डिफरन्शियलचं नाक जड आहे. पट्ट्याने जॅकला बांधलेला होता म्हणून निभावलं. दोन माणसांनी हाताने धरायची ही वस्तू नाही.

२१ जानेवारी

पिंजरा बाकावर उलटा ठेवला. चारही स्प्रिंग-शॉक अ‍ॅब्सॉर्बर जोड्या काढल्या (प्रत्येक चाकाला दोन). मग हाफ शाफ्ट.

इथे घाई करायची नाही. हाफ शाफ्टचा फ्लँज, ब्रेक डिस्क आणि डिफरन्शियलचा आउटपुट फ्लँज, तिन्ही एकाच चार स्टडांवर बसतात. या सँडविचमध्ये शिम (धातूच्या पातळ चकत्या) दोन ठिकाणी असतात आणि त्यांची कामं वेगळी. डिस्क आणि आउटपुट फ्लँजमधले शिम डिस्कला कॅलिपरच्या (डिस्क दोन्हीकडून दाबणारा ब्रेकचा भाग) मध्यावर आणतात. डिस्क आणि हाफ शाफ्टमधले शिम चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभ्या रेषेपासूनचा कल, ठरवतात. सगळे शिम एकाच डब्यात टाकले की दोन्ही हिशेब गेले. चार झिपच्या पिशव्या: उजवा-आतला, उजवा-बाहेरचा, डावा-आतला, डावा-बाहेरचा.

मोजणी: उजवीकडे कॅम्बरचे शिम २, डावीकडे ४. इतका फरक कारखान्यातून आलेला वाटत नाही, मधे कोणीतरी हात घातलाय.

२८ जानेवारी

आउटपुट शाफ्ट. कॅलिपर ज्या हाउसिंगला लागतो, त्याच्याच आत शाफ्टच्या दोन टेपर रोलर बेअरिंगा आणि ते सील. बोल्टांना तार गुंफलेली, ती कापली.

सील दगडासारखं कडक. ओठ नखाने वाकेना. कारण ब्रेकची उष्णता: लांबच्या उतारावर डिस्क तापते आणि तिच्यापासून बोटभर अंतरावर बसलेलं रबर भाजून निघतं. पण इथे दुसरं कारणही सापडलं. डिफरन्शियलच्या वरच्या झाकणाचा ब्रीदर (हवा ये-जा करायचं छिद्र) चिखलाने पूर्ण बुजलेला. तेल तापलं की आतली हवा फुगते, बाहेर जायला वाट नाही, मग ती सर्वांत कमजोर ओठातून तेलासकट निघते. ब्रीदर साफ न करता नवीन सील बसवलं असतं तर तेही वर्षभरात गळलं असतं.

बेअरिंगांमध्ये दाबानं चुरगळणारा स्पेसर आहे. नट आवळताना तो हळूहळू दबतो आणि बेअरिंगांवर नेमका प्रीलोड, म्हणजे कायमचा दाब, येतो. जास्त आवळलं तर नट मागे फिरवून भागत नाही, स्पेसर एकदा दबला की दबला. म्हणून दोन्ही बाजूंना नवे स्पेसर, आणि एक जास्तीचा आणून ठेवलेला. आवळताना दर काही अंशांनी शाफ्ट फिरवून बघायचा. जास्तीचा स्पेसर उजवीकडे लागलाच.

पिनियनचं (डिफरन्शियलच्या नाकातलं छोटं दातेरी चाक; ते क्राउन या मोठ्या चाकाला फिरवतं) पुढचं सील कोरडं होतं. त्याला हात लावला नाही. ते काढायचं तर पिनियनचं नट सोडावं लागतं, आणि कोरडं सील बदलण्याच्या हौसेपायी क्राउन-पिनियनची जुळणी बिघडवण्यात अर्थ नाही.

४ फेब्रुवारी

भाग मागवलेत, वाट बघणं चालू आहे. तोवर ही रचना अशी का, याची नोंद.

जॅग्वारने १९५५, १९५६ आणि १९५७ ची ल माँ (फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत) जिंकली ती डी-टाइपवर, आणि तिला मागे अखंड अ‍ॅक्सल होता. गुळगुळीत सर्किटवर तो चालून गेला. खडबडीत रस्त्यावर मात्र जड अ‍ॅक्सल स्प्रिंगांखाली उड्या मारतो आणि चाकं जमीन सोडतात. जॅग्वारचे अभियंते बॉब नाइट यांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे हा पिंजरा. डिफरन्शियल आणि ब्रेक यांचं वजन बॉडीकडे घेतलं, चाकाबरोबर हलणारं वजन कमी केलं. वरची लिंक म्हणून वेगळा दांडा नाहीच; हाफ शाफ्टच वरची लिंक. खाली नळीचा विशबोन (पिंजऱ्यापासून हबपर्यंतचा खालचा दांडा), पुढून रेडियस आर्म. आणि सगळं पत्र्याच्या पिंजऱ्यात घालून चार व्ही आकाराच्या रबरांवर टांगलं, म्हणजे दात्यांचा आवाज आणि रस्त्याची थरथर केबिनपर्यंत पोचत नाही. जॅग्वारचे प्रमुख विल्यम लायन्स यांनी महिनाभरात हे जमणार नाही म्हणून पाच पौंडांची पैज लावली होती आणि नाइट यांनी २७ दिवसांत करून दाखवलं, असं सांगतात.

१९६० च्या ल माँला कनिंगहॅम संघाकडून धावलेल्या ई-२-ए या प्रायोगिक गाडीतही स्वतंत्र मागचं सस्पेन्शन होतं. १९६१ मध्ये ते ई-टाइप आणि मार्क टेन या दोन्हींत आलं. एक दोन आसनांची वेगवान गाडी, दुसरी थोराड सलून, तत्त्व तेच. त्याचे वारस एक्सजे-एसमध्ये १९९६ पर्यंत चालले, फक्त शेवटच्या वर्षांत ब्रेक चाकांकडे नेले. का नेले ते या नोंदी वाचणाऱ्याला सांगायला नको.

कारखान्याच्या पुस्तिकेवर या गाडीला 'ग्रँड टूरिंग मॉडेल' म्हटलंय, आणि तो शब्द बोनेटपेक्षा या पिंजऱ्याने जास्त कमावलाय. मॅल्कम सेयर यांनी काढलेल्या रेषांचं कौतुक सगळेच करतात. दिवसभर गाडी चालवून पाठ न दुखता उतरता येतं ते मात्र मागच्या या कामामुळे. (२००८ पासून जॅग्वार टाटा मोटर्सकडे आहे, म्हणजे नात्याने हे आता मुंबईचं घराणं.)

११ फेब्रुवारी

मागच्या हबच्या बेअरिंगा. हे काम अंदाजाने होत नाही.

दोन टेपर रोलर बेअरिंगांच्या मधे एक स्पेसर असतो, त्याच्या जाडीवर हबचा एंड प्ले, म्हणजे आत-बाहेर हलण्याची मोकळीक, ठरतो. हवा २ ते ६ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). स्पेसर १०९ थाउपासून १५१ थाउपर्यंत, तीन-तीन थाउच्या टप्प्याने मिळतात. त्यांना इंग्रजी अक्षरं आहेत, ए पासून आर पर्यंत. आय, एन आणि ओ वगळून.

पद्धत: आधी १५० थाउचा मास्टर स्पेसर घालून हब जुळवायचा, नट १४० पौंड-फुटाला (१९० न्यूटन मीटर) आवळायचं, डायल गेजने एंड प्ले मोजायचा. त्यातून ४ थाउ वजा करायचे, उरलेला आकडा १५० मधून वजा करायचा. येईल त्याच्या सर्वांत जवळचा स्पेसर.

उजवा हब: प्ले ३१. ३१ वजा ४ म्हणजे २७. १५० वजा २७ म्हणजे १२३. जवळचा १२४, अक्षर एफ. बसवून मोजलं: ५ थाउ.
डावा हब: प्ले २२. २२ वजा ४ म्हणजे १८. १५० वजा १८ म्हणजे १३२. जवळचा १३३, अक्षर जे. मोजलं: ५ थाउ.

मोजताना हब फिरवत, दाबत, ओढत राहायचं; नवीन ग्रीस घट्ट असतं आणि गेजला फसवतं. ग्रीस भरताना हात आखडता ठेवायचा. गच्च भरलं की गरम झाल्यावर ते आतलं सील ढकलून बाहेर येतं.

हबच्या बाहेरचे दाते, ज्यावर तारेचं चाक बसतं, तेही बघून घेतले. माथा सपाट असेल तर चांगले. सुरीसारखी धार आली असेल तर हब आणि चाक दोन्ही गेले, आणि नव्या हबवर जुनं चाक घातलं तर ते नव्याला खाईल. इथे सपाट आहेत.

१८ फेब्रुवारी

विशबोन. आतल्या टोकाला नीडल बेअरिंगा, बाहेरच्या टोकाला हबखाली टेपर रोलर.

आतल्या शाफ्टवर सुयांचे खड्डे पडलेले, नखाला लागतात. ग्रीस निप्पल रंगाने बुजलेला होता, म्हणजे कित्येक वर्षं ग्रीस आत गेलंच नाही. शाफ्ट, बेअरिंगा, थ्रस्ट वॉशर, सील रिंगा सगळं नवीन. वॉशर आणि सील ग्रीसने जागेवर चिकटवून ठेवायचे, नाहीतर शाफ्ट सरकवताना एखादा घसरतो आणि कळतही नाही. शाफ्टच्याच व्यासाची पण आखूड खोटी शाफ्ट आधी आत घालून ठेवली. खरी शाफ्ट तिला पुढे ढकलत आत येते, सुया पडत नाहीत. नट ४५ पौंड-फूट (६१ न्यूटन मीटर).

बाहेरच्या टोकाला ४ आणि ७ थाउचे शिम घालून शून्य ते २ थाउ प्रीलोड. नट ५५ पौंड-फूट (७५ न्यूटन मीटर).

रेडियस आर्मच्या मोठ्या बुशच्या रबरात दोन भोकं असतात. बुश प्रेसमध्ये घालताना ती भोकं आर्मच्या लांबीच्या रेषेत यायला हवीत, कारण त्या दिशेला रबर मऊ राहावं असा हिशेब आहे. काढलेल्या जुन्या बुशपैकी एक आडवा बसवलेला निघाला. खडबडीत रस्त्यावर गाडी मागून कडक का वाटायची, त्याचं अर्धं उत्तर हे.

पिंजऱ्याचा पत्रा सँडब्लास्ट करून विशबोनच्या भोकांभोवती तडे बघितले. तडा नाही. खालच्या काठाला वरवरचा गंज, आरपार कुठेच नाही.

२५ फेब्रुवारी

ब्रेक. सिरीज १ वर डनलॉपचे कॅलिपर. सिलिंडर कॅलिपरला बोल्टने लागतात, दोन्ही बाजू जोडणारी छोटी नळी बाहेरून जाते. पिस्टनांवर खड्डे, चारही सिलिंडर नवीन.

डिफरन्शियल पिंजऱ्यात बसवला, वरचे चार बोल्ट ७५ पौंड-फूट (१०२ न्यूटन मीटर), तार गुंफली. तारेचा ओढा नेहमी आवळण्याच्या दिशेने हवा.

डिस्क चढवून दोन मापं. डायल गेजवर डगमग: ६ थाउच्या आत हवी, उजवी ३, डावी ४. मग कॅलिपरच्या दोन्ही बाजूंची फट फीलर गेजने. फरक १० थाउच्या आत चालतो. उजवीकडे १८ निघाला. आउटपुट फ्लँजच्या बाजूचा एक शिम बदलून ६ वर आणला.

हॅन्डब्रेकचे कॅलिपर वेगळे, मुख्य कॅलिपरच्या डोक्यावर. आपोआप अ‍ॅडजस्ट होणारी त्यांची यंत्रणा कागदावर छान आहे. वापरात नसली की गंजून अडकते आणि मग हॅन्डब्रेक म्हणजे नुसता शोभेचा दांडा. खोलून, साफ करून, पॅड आणि डिस्कमध्ये ४ थाउची फट राहील असं लावलं. हे बाकावर दहा मिनिटांचं काम आहे. गाडीखालून मनगट सोलून घेण्याचं.

४ मार्च

पिंजरा गाडीत चढवण्याआधी बाकावरच ब्रेकची दाब-चाचणी. जुना मास्टर सिलिंडर शिकंज्यात पकडून पाइपाला जोडला, डॉट ४ तेल भरलं, हवा काढली, पेडलच्या जागी स्क्रू क्लॅम्पने दाब धरून रात्रभर ठेवला.

सकाळी डावीकडच्या जोडनळीखाली एक थेंब. नळीचं टोक कापताना काटकोन चुकला होता, म्हणून फ्लेअर (जोडासाठी पसरवलेलं नळीचं तोंड) एका बाजूला जाड झाला आणि जागेवर नीट बसला नाही. नवीन नळी कापली, टोक कानशीने सपाट केलं, पुन्हा फ्लेअर, पुन्हा रात्रभर. कोरडी. हाच थेंब गाडीत चढवल्यावर निघाला असता तर १५ जानेवारीच्या नोंदीपासून पुन्हा सुरुवात होती.

१५ मार्च

पिंजरा चढवला. माउंटिंगची चारही रबरं नवीन. सुटलेलं एकच होतं, पण तीन जुनी मऊ आणि एक नवीन कडक असं केलं की पिंजरा तिरका ओढला जातो. जॅकवरून वर घेताना पिंजरा पुढे-मागे दोन-चार मिमी हलवावा लागतो. सगळे बोल्ट हाताने आट्यात लागल्याशिवाय एकही आवळायचा नाही.

तारीख जुळून आली. १९६१ मध्ये आजच्याच दिवशी ई-टाइप जिनीव्हात जगासमोर आली. जॅग्वारचे बॉब बेरी ९६०० एचपी या नंबरची कूपे घेऊन पोचले. ती कमी पडते म्हटल्यावर कंपनीचे चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस यांनी ७७ आरडब्ल्यू ही उघडी गाडी कॉव्हेंट्रीहून रातोरात हाकत नेली.

डिफरन्शियलमध्ये लिमिटेड स्लिपसाठीचं ९० ग्रेडचं तेल, पावणेतीन इम्पीरियल पिंट, म्हणजे साधारण दीड लिटर. रेडियस आर्मचे बोल्ट अजून ढिलेच ठेवलेत. चाकं हवेत लोंबत असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत पकडलं जातं आणि लवकर फाटतं.

१८ मार्च

गाडी चाकांवर. आधी रेडियस आर्मचे बोल्ट आवळले, मग कॅम्बर.

मोजताना सस्पेन्शन ठरलेल्या उंचीवर पकडावं लागतं. त्यासाठी दोन लोखंडी पट्ट्या, प्रत्येकीच्या दोन भोकांच्या मध्यांत बरोबर सव्वाआठ इंच. एक टोक पिंजऱ्याच्या मागच्या माउंटिंगच्या खालच्या भोकात, मग मागची बाजू दाबून दुसरं टोक हबखालच्या नटावर. बूटमध्ये वाळूची पोती ठेवली की दाबणं सोपं जातं.

हवा पाऊण अंश निगेटिव्ह (चाकाचा माथा आत झुकलेला), पाव अंश इकडेतिकडे. उजवीकडे सव्वा अंश निगेटिव्ह, डावीकडे अर्धा. २० थाउच्या एका शिमने साधारण पाव अंश बदलतो. शिम वाढवला की हाफ शाफ्ट हबचा माथा बाहेर ढकलतो, म्हणजे निगेटिव्ह कमी होतो. उजवीकडे दोन वाढवले, डावीकडचा एक काढला. आता उजवीकडे ४, डावीकडे ३. दोन्हीकडे पाऊण अंश.

२५ मार्च

४० मैल चालवली. 'ठक्' नाही. ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लागतो. ताशी ५० मैलांच्या आसपास मागून बारीक गुणगुण येते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की जाते. बेअरिंग असती तर सोडल्यावरही राहिली असती, ही क्राउन-पिनियनची जुनीच खूण, आणि नव्या घट्ट रबरांतून ती थोडी जास्त ऐकू येते. तिच्यासाठी काही उघडायचं नाही.

परत आल्यावर हब हाताला सारखेच कोमट, डिस्कही सारख्याच गरम. ५०० मैलांनंतर करायचं: हाफ शाफ्टची आतली नटं पुन्हा टॉर्क पान्याने, विशबोनच्या निप्पलांना ग्रीस, हॅन्डब्रेकची फट पुन्हा ४ थाउ, आणि ब्रीदर.